शेवटच्या नळापर्यंत

११ जानेवारी

चिंगे,

तुझं पत्र पोचलं. माझ्या नावाचं नव्हतंच ते. पाकिटावर ‘मा. प्रभारी रसायनतज्ज्ञ, जलशुद्धीकरण केंद्र’ असं टाइप केलेलं. ती प्रभारी म्हणजे मी. चोवीस वर्षं या लॅबमध्ये आहे, त्यातली अकरा ‘प्रभारी’. कायमची खुर्ची कुणाला द्यायची ते वर अजून ठरतंय.

सहा वर्षांनी तुझ्या हातचं काही आलं, तेही सहीपुरतं. ‘आपल्या शहरातील पिण्याच्या पाण्याचे नमुने अभ्यासासाठी मिळावेत.’ ‘आपल्या’ या शब्दावर मी क्षणभर अडखळले. मग लक्षात आलं, हा तुझ्या-माझ्यातला ‘आपल्या’ नव्हे, हा कचेरीतला.

नमुने पाठवतेय. बारा बाटल्या, तू लिहिलंस तशा काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. सगळ्या मी स्वतः भरल्या. माझ्या कामात खोट काढायला तुला जागा मिळू नये म्हणून. कचेरीचं उत्तर वेगळं येईल. हे पत्र घरचं आहे.

बाबा बरे आहेत. एकोणऐंशी पूर्ण झाली. रोज दुपारी खालच्या वस्तीत घड्याळजींच्या दुकानात जाऊन बुद्धिबळ खेळतात, हरतात, आणि घरी येऊन सांगतात की घड्याळजी चाल परत घेतो. तुझ्याबद्दल पेपरात आलेलं सगळं कापून ठेवतात, पंपाच्या जुन्या माहितीपुस्तकाच्या फायलीत. मी एकदा विचारलं, “यात माझं काहीच नाही का?” म्हणाले, “तुझं पेपरात कुठे येतं?” खरंच आहे. पाणी चांगलं आलं तर ती बातमी होत नाही.

आई गेली त्या आठवड्यात तू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होतीस. म्हणालीस, “ताई, ही माणसं तीस वर्षं नळाचं पाणी पितायत. नदीतला पालापाचोळा आणि क्लोरीन मिळून त्यात काय काय तयार होतं, ते इथे कुणी मोजलंय का?” आई मूत्राशयाच्या कॅन्सरने गेलेली. पाण्यात क्लोरीन सोडणारी मी. पुढचं वाक्य तू बोलली नाहीस, पण मला ते ऐकू आलं. मी म्हटलं, चालती हो. तू चालती झालीस.

तुला वाटत असेल मला यातलं कळत नाही. कळतं. पानं कुजून पाण्यात उतरलेला अर्क क्लोरीनला भेटला की नको ती संयुगं तयार होतात. वर्षानुवर्षं प्यायलं तर धोका थोडा वाढतो. थोडा. आणि क्लोरीन नसेल तर धोका आठवड्याभरात दारात उभा राहतो. दोन्ही मला पाठ आहे. फक्त मला कुणी व्यासपीठावर बोलवत नाही.

आईच्या शेवटच्या चार महिन्यांत तिचं सगळं मी केलं. ती दाराकडे बघून विचारायची, “चिंगी आली का?” हे तुला सांगायचं राहून गेलं होतं. आज सांगितलं.

ताई


२० फेब्रुवारी

चिंगे,

आलीस, बोललीस, गेलीस. सभागृह भरलं होतं, बाजूच्या जिन्यावरही माणसं होती. पाणी समितीच्या अध्यक्षांनी तुला फुलांचा गुच्छ दोन्ही हातांनी दिला. माझ्याशी बोलताना त्यांचा हात कधी खिशातून बाहेर येत नाही.

निळा कोट छान दिसत होता. मी मागे, खांबाजवळ उभी होते. पहिल्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी बसले नसते.

बाबांनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता. प्रश्नांच्या वेळी त्यांनी हात वर केला आणि तू हसलीस. सगळ्या सभागृहाला कळलं की हे तुझे वडील. माझे वडील आहेत हे तिथे कुणाला कळायचं कारण नव्हतं. ते उठून म्हणाले, “माझी धाकटी बहीण सहा वर्षांची होती. पटकीने पाच दिवसांत गेली. तेव्हा पाण्यात क्लोरीन नव्हता. म्हणून मी पंपावर नोकरी धरली. तुझ्या या तक्त्यात ती कुठे आहे, बेटा?” चोवीस वर्षं मी लोकांना हेच सांगतेय, अगदी याच शब्दांत. बाबांनी ते माझ्यासमोर कधी म्हटलं नव्हतं. तुझ्यापुढे म्हणाले. तू काहीतरी उत्तर दिलंस, टाळ्या झाल्या. मी मागे होते, मला नीट ऐकू आलं नाही.

नंतर तू घरी आलीस ती चाळीस मिनिटं. मी घड्याळ बघितलं असं समज. मुक्कामाला अतिथिगृहात गेलीस. बाबांनी तुझ्यासाठी माझ्या खोलीत गादी घालून ठेवली होती, मला न विचारता. रात्री ती मीच उचलली.

आता तुझ्या भाषणाचा परिणाम ऐक. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, ‘नळातून येतंय विष?’ प्रश्नचिन्ह बारीक होतं. भाजीवाली मला म्हणाली, “बाई, तुमचीच बहीण म्हणते तुम्ही औषध जास्त टाकता.” शेजारच्या शिक्षिकाबाई टेकडीखालच्या झऱ्याचं पाणी आणायला लागल्या आहेत, कॅन घेऊन, स्कूटरवर. त्या झऱ्याच्या वर गुरं बांधतात. मी म्हटलं, “निदान उकळून प्या.” तर म्हणाल्या, “नैसर्गिक आहे हो ते.” कॉलरा काय कारखान्यात बनतो?

नमुन्यांचे आकडे तू पडद्यावर दाखवलेस. मर्यादेच्या थोडे वर. सगळ्या सभागृहाने ‘हं’ केलं. त्या बाटल्या मी भरल्या होत्या, चिंगे. बुडबुडा न ठेवता.

ताई


९ मार्च

चिंगे,

तुझा अहवाल मिळाला. नऊ पानं. अध्यक्षसाहेबांना इंग्रजी तक्ते वाचायला वेळ नाही, म्हणून त्यांनी तो माझ्याकडेच ठेवायला सांगितला. तुझ्या अहवालाप्रमाणे सोमवारपासून कार्यवाही सुरू केली आहे. साहेब खूश आहेत. लोकही. नळाला वास येत नाही म्हणतात. भाजीवालीने मला विचारलं, “बहिणीने सुधारलं ना तुमचं पाणी?” मी म्हटलं, हो.

तू दोनदा फोन केलास, मी फिल्टरपाशी होते. खालच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाचं रीडिंग हवंय असा तुझा निरोप मिळाला. कामाचा व्याप आहे. पाठवीन.

बाबा विचारतात, तू पुन्हा कधी येणार. मी सांगितलं, मोठ्या माणसांना वेळ नसतो.

ताई


१२ एप्रिल

चिंगे,

पेपर तुझ्यापर्यंत पोचला असेलच. तरी कात्रण जोडतेय. या वेळी मी कापलं.

गेल्या शुक्रवारपासून खालच्या वस्तीत उलट्या-जुलाब सुरू आहेत. आधी शाळेतली सहा मुलं, रविवारपर्यंत तीसच्या वर माणसं. रुग्णालयाच्या व्हरांड्यात खाटा टाकल्या आहेत. मी सोमवारी सकाळी घड्याळजींच्या गल्लीतल्या नळाखाली परीक्षानळी धरली, गोळी टाकली. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी व्हायला हवं. झालं नाही. नुसतं स्वच्छ, बिनरंगाचं. शेवटच्या नळाला क्लोरीनचा मागमूस नव्हता. गल्लीच्या तोंडाशी जुनी पाइप गटाराला घासून जाते, गटार तुंबलं होतं, आणि पाइपला कुठेतरी चीर आहे. आजवर आत थोडा क्लोरीन उरायचा, तो आलेली घाण निस्तरायचा. मी तिथूनच फोन करून डोस पूर्ववत करायला सांगितला. गल्लोगल्ली भोंगा फिरतोय, पाणी उकळून प्या म्हणून.

अध्यक्षसाहेबांनी वार्ताहरांना सांगितलं, “आम्ही तज्ज्ञांच्या लेखी सल्ल्यानुसार क्लोरीन निम्म्यावर आणला.” मथळा वाच: ‘संशोधिकेचा सल्ला भोवला’. शेजारी तुझा फोटो, त्याच निळ्या कोटातला. तुझ्या विद्यापीठानेही तुझ्याकडे खुलासा मागितल्याचं छापून आलंय. वाईट वाटलं.

भाजीवाली आज म्हणाली, “बाई, तुमचंच बरोबर होतं. तुमच्या हातात होतं तेव्हा कधी असं झालं नाही.” शिक्षिकाबाई घरी येऊन बसल्या, मला चहा करून द्या म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, “शेवटी अनुभव तो अनुभव.”

तू काल रात्री फोनवर ओरडलीस, “ताई, मी निम्मं करा असं लिहिलंच नव्हतं! पान चार बघ!” मी म्हटलं, अहवाल कचेरीत आहे, बघते. बघते गं.

बाबांचं पोट कालपासून बिघडलंय. साधंच असेल.

ताई


२३ एप्रिल

चिंगे,

हे तुझ्या हातात पडेल त्याआधी या साथीची चौकशी करणाऱ्या अधिकारी बाईंचा फोन तुला आलेला असेल. मी काल त्यांच्याकडे जाऊन आले. तरी तुला माझ्याकडून कळायला हवं. सरळ लिहिते.

तुझं पान चार मी अहवाल आला त्याच दिवशी वाचलं होतं. तीनदा. तू लिहिलं होतंस: नदीचं पाणी आत येताना जो पहिला डोस देतात तो बंद करा, पाणी आधी तुरटीने निवळू द्या, फिल्टर वेळेवर धुवा, म्हणजे पालापाचोळ्याचा अर्क निघून जाईल, आणि मग क्लोरीन द्या. पुढे ठळक अक्षरात: ‘फिल्टरनंतरचा डोस कोणत्याही परिस्थितीत कमी करू नये. शेवटच्या नळाला उरलेला क्लोरीन रोज तपासावा.’ इतकं सोपं होतं ते. एक व्हॉल्व्ह फिरवायचा होता. चोवीस वर्षांत मला का सुचलं नाही, असं मनात आलं आणि माझा संताप झाला. भाषणाच्या दिवशी माझ्या फिल्टर हाऊसमध्ये दोन तास हिंडून तुला ते सुचलं.

तेवढ्यात साहेब लॅबमध्ये आले. उभ्या उभ्याच म्हणाले, “काय म्हणतात तुमच्या डॉक्टरीणबाई?”

मी म्हटलं, “क्लोरीन कमी करा म्हणतात.”

“किती? निम्मा करायचा?”

“निम्मा चालेल.”

“त्यांनी लिहिलंय ना तसं? उद्या माझ्या गळ्यात नको.”

मी म्हटलं, “हो, लिहिलंय.”

अहवाल माझ्या कोपराखाली होता. त्यांनी तो उचलला असता तर तिथेच सगळं संपलं असतं. त्यांनी पंख्याकडे बघितलं, गरम होतंय म्हणाले, आणि गेले. मी दोन्ही डोस निम्म्यावर आणले. व्हॉल्व्ह स्वतः फिरवला, ऑपरेटरला हात लावू दिला नाही.

मला कुणाला मारायचं नव्हतं. मला तक्रारी हव्या होत्या. टाकीत शेवाळ धरेल, पाण्याला कुबट वास येईल, लोक बोंब मारतील, ‘त्या शहाणीने सगळं बिघडवलं, जुन्या बाईंना विचारा.’ बस, एवढंच मला हवं होतं. साहेबांनी एकदा खिशातून हात काढून मला म्हणावं, बाई, आता तुम्हीच सांभाळा. त्या गल्लीतली पाइप मला माहीत नव्हती असं नाही. तीन वर्षांपूर्वी ती बदला म्हणून मीच लिहून दिलं होतं. तेव्हा मला ती आठवली नाही असं चौकशीत सांगता आलं असतं. पण आठवली होती. मी ती बाजूला सारली.

तू ‘शेवटच्या नळाचं रीडिंग पाठव’ म्हणालीस तेव्हा मी तिकडे गेलेच नाही. गेले असते तर मला कळलं असतं, आणि कळलं असतं तर थांबवावं लागलं असतं.

आणखी एक. तुझा फोटो पेपरात पाहिला तेव्हा मी ‘वाईट वाटलं’ असं लिहिलं. गोड वाटलं होतं. कात्रण करताना कात्री कडेकडेने नीट फिरवली, तुझं नाव तुटू नये म्हणून.

आणि सभागृहात मला ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द. तू बाबांना म्हणालीस, “तुमची बहीण या तक्त्याच्या पहिल्या ओळीत आहे, बाबा. क्लोरीन काढा असं मी म्हणतच नाही. तो नसता तर या सभागृहातले कितीतरी लोक इथे नसते. एका माणसाला काय कशाने झालं हे कुणीच सांगू शकत नाही. माझ्या आईचंही मी सांगू शकत नाही. मी एवढंच म्हणते, जीव वाचवणारी गोष्टही आपण तपासत राहायला हवी.” आईचं नाव घेताना तू खांबाकडे बघितलंस. मी मान वळवली. सहा वर्षं मी जे वाक्य ऐकलं म्हणत होते ते तू कधी बोललीच नव्हतीस, हे मला तिथेच कळलं होतं. कळूनही मी पुढचं सगळं केलं. तू दोषी नसशील तर मी इतकी वर्षं कशावर काढली, असा प्रश्न पडला असता. तो मला नको होता.

आता काल काय झालं ते.

बाबांना तेरा तारखेला दाखल केलं. सुकून गेले होते, ओठांना चिरा पडलेल्या, नाडी लागेना. सलाईनवर तीन दिवस. त्याच वॉर्डात चार खाटा सोडून घड्याळजी होते. सतरा तारखेला सकाळी ते गेले. मूत्रपिंडं बंद पडली. बाबांना घरी आणेपर्यंत आम्ही सांगितलं नाही. ते नर्सला म्हणत होते, त्याला सांगा, पट तसाच ठेव, माझी चाल आहे.

परवा मी फळं घेऊन गेले. दारातच थांबले, कारण आत बाबांचा आवाज चढला होता. डॉक्टर त्यांना समजावत होते, “आजोबा, पाण्यातूनच आलंय हे. तपासणीत निघालंय.”

बाबा म्हणाले, “पाणी? शक्यच नाही. तुम्ही दुसरं काहीतरी शोधा.”

“अहो, अहवाल आहे.”

“अहवाल गेला खड्ड्यात. पाणी माझी थोरली बघते. चोवीस वर्षं बघते. धाकटी हुशार आहे, ती बोलते, लोक ऐकतात. पण थोरली... तिने भरलेला ग्लास मी डोळे मिटून पितो. त्यात चूक व्हायची नाही.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळांची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि जिना उतरून खाली आले. हेच ऐकायला मी जन्मभर दाराआड उभी होते, चिंगे. आणि ऐकलं तेव्हा घड्याळजींना जाऊन चार दिवस झाले होते.

काल सकाळी बाबांना घरी आणलं. अंथरुणावर बसवलं, पाठीशी उशी दिली, आणि सगळं सांगितलं. घड्याळजींचंही आणि माझंही. ते बराच वेळ आपल्या हाताला चिकटलेली चिकटपट्टी सोलत होते. मग विचारलं, “घड्याळजीला माहीत होतं?”

“काय?”

“की तू कमी केलंयस.”

“नाही.”

“म्हणजे तो तुझ्या भरवशावर पीत होता.”

एवढंच. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.

दुपारी मी चौकशी अधिकारी बाईंपुढे तुझी नऊ पानं ठेवली आणि लिहून दिलं. त्यांनी विचारलं, “तुमच्यावर कुणाचा संशयही नव्हता. मग आज का आलात?” मी म्हटलं, माझ्या बहिणीने तसं लिहिलं नव्हतं, एवढं तुम्हाला कळायला हवं. त्या म्हणाल्या, वाचून सही करा. केली.

मी तुझ्याकडे माफी मागत नाहीये. ती तुझ्याकडे नाही. ती ज्यांच्याकडे आहे त्या घड्याळजींच्या सुनेकडे मी आज सकाळी गेले होते. तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, “तुम्ही आमच्या दारात पुन्हा येऊ नका.” मी जाणार नाही.

ताई


८ जून

चिंगे,

तू बाबांना घेऊन गेलीस त्याला आठवडा झाला. निलंबनाचं पत्र आलं, पुढे खटला उभा राहील म्हणतात. साहेबांचंही पद गेलं. अहवाल न वाचता आदेशावर सही केली म्हणून. तुझ्यावरचा ठपका काढल्याची बातमी आतल्या पानावर आली, चार ओळी. मथळा मात्र मोठा होता तेव्हा. मी पेपरच्या कचेरीत जाऊन म्हटलं, ही पहिल्या पानावर घ्या. तिथला माणूस म्हणाला, बाई, ही जुनी झाली.

फिल्टर हाऊसमध्ये नवी केमिस्ट आलीय, तिशीचीसुद्धा नसेल. आत येणाऱ्या पाण्याचा पहिला डोस तिने बंद केला, शेवटचा पुरेसा ठेवला, पाइपही बदलली. ऑपरेटर रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, तुझे ते आकडे मर्यादेच्या खाली आलेत आणि घड्याळजींच्या गल्लीतला नळ रोज गुलाबी होतो. मला आनंद झाला असं लिहायला हवं. झालाही. पण आधी मनात आलं, की हे माझ्या हातून झालं असतं. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिलं.

तू त्या दिवशी दारातच म्हणालीस, “मी तुला माफ करायला आलेली नाही, ताई. बाबांना न्यायला आलेय.” मी म्हटलं, त्यांची बॅग भरून ठेवलीय. तू खाली टॅक्सीत सामान लावत होतीस तेव्हा वर काय झालं ते तुला माहीत नाही. बाबा खोलीतून बाहेर आले, भिंतीला धरून. बुटाची नाडी सुटली होती. मी खाली बसून बांधली, त्यांनी पाय मागे घेतला नाही. मी उठले. महिन्याभरात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, “जातो.”

आपल्या घरात कुणी कधी ‘जातो’ म्हटलेलं मला आठवत नाही. दुकानात निघाले तरी ‘येतो’ म्हणायचे. मी पायऱ्या मोजत राहिले, एकोणीस, मग टॅक्सीचं दार लागलं.

आता कामाचं. रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर, आधी नाही; आधी घेतली तर त्यांना चक्कर येते आणि ते सांगत नाहीत. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, डावीकडे बस. दुपारी एक ते तीन त्यांना एकटं सोडू नकोस, ती बुद्धिबळाची वेळ. पट मी बॅगेत ठेवलेला नाही. त्यांनी मागितला तर पाठवीन, आपणहून समोर आणू नकोस. रात्री पाणी प्यायला उठतात, ग्लास उशाशी ठेव. तो रोज मी भरायचे. आता तू भरणार.

लहानपणी तू माझ्या हातातलं काही घेतलंस की आई मला म्हणायची, दे गं, ती लहान आहे. मी द्यायचे आणि मनात टिपून ठेवायचे. बाबांना तू माझ्याकडून घेतलेलं नाहीस. हे मी रोज सकाळी स्वतःला सांगते. काही सकाळी पटतं.

त्यांनी माझी आठवण काढली तर कळव. नाही काढली तरी कळव. मला बरं वाटावं म्हणून मात्र काही लिहू नकोस.

ताई